महाशिवरात्र : जागरणाचे व्रत

शिवरात्रीचे व्रत नेमके कशाने पूर्ण होते? दिवसभर उपाशी राहिल्याने, पिंडीवर बेल वाहिल्याने, की रात्रभर जागल्याने? हा वाद जुना आहे आणि त्याची एक बाजू आपल्याच मातीतली आहे. सोळाव्या शतकात बंगालच्या रघुनंदनाने ‘तिथितत्त्व’ लिहिले. त्याच्या मते या व्रतात उपवास मुख्य. स्नान, वस्त्रे, धूप, फुले यांपेक्षा या दिवशीच्या उपवासाने शंकर अधिक संतुष्ट होतो, असा त्याचा आधार. त्याच्या आधी तीनेकशे वर्षे देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री आणि नंतर विजयनगरच्या परंपरेतला माधव यांनी मात्र उपवास, पूजा आणि जागर अशी तिन्ही अंगे मिळून व्रत मानले. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात ही मते तपशिलाने नोंदवली आहेत.

आज आपल्याकडे पाहिले तर रघुनंदनाचा पक्ष जिंकलेला दिसतो. उपवास घरोघर आहे. पूजाही आहे, पण ती बहुधा सकाळची, लांब रांगेतली. जागर मात्र झपाट्याने ओसरला. ज्या व्रताच्या नावातच रात्र आहे, ते आपण दिवसा उरकू लागलो. मला हे नुसते सवयीतले बदल वाटत नाहीत. शिवरात्रीचे शास्त्र, तिच्या कथा आणि देशभरातल्या चालीरीती ताडून पाहिल्या की सगळ्या वाटा रात्रीकडेच जातात, आणि ती रात्र गेली की बाकीचे दोन भाग इतर कुठल्याही उपवासाच्या दिवसासारखे होऊन बसतात.

आधी तिथीचे पाहू. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, म्हणून ही माघ वद्य चतुर्दशी. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिथे तीच फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. नावे दोन, रात्र एकच. दर महिन्याच्या वद्य चतुर्दशीला शिवरात्र असतेच. माघातली ती महाशिवरात्र. आपले बहुतेक सण सूर्योदयाच्या तिथीवर ठरतात. इथे मात्र चतुर्दशी मध्यरात्री हवी. रात्रीचे पंधरा मुहूर्त केले तर आठवा तो निशीथ, साधारण अठ्ठेचाळीस मिनिटांचा. त्या वेळी चतुर्दशी ज्या दिवशी असेल, तो दिवस महाशिवरात्रीचा. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टाने काशीत १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ लिहिला, पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘धर्मसिंधु’ लिहिला. दोन्हींचा भर निशीथावर आहे. म्हणजे कालनिर्णयच मध्यरात्रीवर टांगलेला आहे. तेव्हा गाढ झोपेत असणाऱ्याचे व्रत कोणत्या वेळी घडले, हा प्रश्न उरतोच.

आकाशही याला साथ देते. या रात्री चंद्र जवळजवळ नसतोच. पहाटे सूर्योदयाच्या थोडे आधी एक बारीक कोर उगवते, इतकेच. आणि माघ-फाल्गुनाच्या सांधीला संध्याकाळी डोक्यावर मृग नक्षत्र असते, त्याच्या मागे व्याधाचा झगझगीत तारा. मध्यरात्र उलटेपर्यंत दोघेही पश्चिमेला झुकतात. लोककथेने शिवरात्रीचा व्याध आणि त्याची हरणे आकाशात नेऊन बसवली आहेत. ज्याने कोणी ही सांगड घातली तो ती रात्र उघड्यावर जागला असणार, असे मला नेहमी वाटते.

शिवरात्र का, याची उत्तरे अनेक आहेत. धर्मग्रंथ ईशानसंहितेचा दाखला देऊन सांगतात की या मध्यरात्री शिव ज्योतिर्मय लिंगरूपाने प्रकटला. ब्रह्मदेव हंस होऊन त्या तेजस्तंभाचा माथा शोधत वर गेला, विष्णू वराह होऊन तळ शोधत खाली. दोघांनाही अंत लागला नाही. केतकीने ब्रह्मदेवाची खोटी साक्ष दिली आणि शिवपूजेतून ती बाद झाली. दुसरी समजूत शिवपार्वतीच्या विवाहाची. काशीत आणि देवघरला वाजतगाजत वरात निघते ती याच समजुतीने. तिसरी हलाहल प्राशनाची : विष कंठात धरलेल्या शिवाला झोप लागू नये म्हणून देव रात्रभर जागले. लोकांच्या मनात विवाहाची गोष्ट अधिक रुजली आहे आणि ते समजण्यासारखे आहे. लग्नघरात सगळ्यांना जागा असते.

पण व्रताची म्हणून जी कथा पुराणांनी दिली, ती यांतली एकही नाही. ती एका पारध्याची आहे. गरुडपुराणात तो अर्बुद पर्वतावरचा निषादांचा राजा सुंदरसेनक आहे, कुत्रा घेऊन शिकारीला निघालेला. स्कंदपुराणात तो चंड नावाचा किरात आहे, शिवपुराणात गुरुद्रुह नावाचा भिल्ल. नाव बदलते, माणूस तोच : रानातला, हिंसेवर पोट भरणारा, मंत्र न येणारा. मराठी घरांत ही कथा आली श्रीधरस्वामी नाझरेकरांच्या ‘शिवलीलामृता’तून. शके १६४० म्हणजे १७१८ साली बारामतीत पूर्ण झालेल्या या ग्रंथाचा दुसरा अध्याय शिवरात्रीचा. रुद्राक्षमहिम्याचा अकरावा अध्याय नित्यपाठात असतो, दुसरा महाशिवरात्रीला हटकून वाचला जातो.

कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी तिची बांधणी पुन्हा पाहण्यासारखी आहे. दिवसभर शिकार मिळाली नाही म्हणून पारधी उपाशी. पाणवठ्याकाठच्या बेलाच्या झाडावर तो दबा धरून बसतो. नेम धरताना आड येणारी पाने तोडून खाली टाकतो. खाली पिंडी आहे हे त्याला माहीत नाही. प्रहरामागून प्रहर हरणे येतात आणि प्रत्येक जण मुदत मागतो : पाडसांची सोय लावून येते, घरच्यांना भेटून येतो, मग मार. तो त्यांना सोडतो. पहाटे सगळी परत येतात, आणि आता बाण सोडणे त्याच्या हातून होत नाही.

या कथेचा एक सोपा अर्थ नेहमी सांगितला जातो : अजाणता घडलेली पूजाही फळते. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. उपवास अजाणता घडला, बेलही अजाणता पडला. जागणे मात्र अजाणता घडत नाही. तो मुद्दाम, सावध, कान टवकारून जागा होता. आणि त्या जागेपणातच त्याच्यात फरक पडला. पहिल्या हरिणीला सोडताना तो शिकारीच होता, वायद्यावर विसंबून थांबलेला. शेवटच्या प्रहरी तो दुसराच माणूस झाला. उपवासाने नाही, बेलानेही नाही. रात्रभर त्या मुक्या जिवांचे बोलणे ऐकल्याने. हेमाद्रीने जागराला उपवासाच्या बरोबरीला का बसवले, याचे उत्तर मला कुठल्याही वचनापेक्षा या कथेत अधिक स्पष्ट मिळते.

रात्रीच्या चार प्रहरांची पूजा, यामपूजा, याच पायावर उभी आहे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या वेळेचे चार समान भाग करायचे, दर भागात एक पूजा. पहिल्या प्रहरी दुधाने स्नान, दुसऱ्या प्रहरी दह्याने, तिसऱ्या प्रहरी तुपाने, चौथ्या प्रहरी मधाने. प्रत्येक वेळी शिवाचे नाव वेगळे : ईशान, अघोर, वामदेव, सद्योजात. मध्ये रुद्राची आवर्तने, पोथी, भजन. यातली युक्ती ध्यानात घेतली पाहिजे. सलग बारा तास कोणी पूजा करू शकत नाही. पण तीन तासांनी पुन्हा उठायचे आहे म्हटल्यावर झोपही लागत नाही. कोणी गंध उगाळतो, कोणी बेल निवडतो, कोणी पाणी आणतो, आणि रात्र वाटून घेतली जाते.

पूजेचे साहित्य अगदी ऋतूचे आणि शिवारातले. बेल, धोत्रा, पांढरी रुई, कण्हेर, आंब्याचा मोहर, गव्हाच्या ओंब्या, बोरे, ऊस. बाजारातून मुद्दाम आणावे लागेल असे त्यात फार थोडे. आणि महाराष्ट्रात कवठ. बेल आणि कवठ ही एकाच कुळातली झाडे, दोन्हींची फळे टणक कवचाची. कवठ याच दिवसांत पिकते. गूळ घालून केलेली त्याची चटणी वर्षातून एकदाच, शिवरात्रीला, खाणारी कितीतरी घरे आहेत. थंडी या दिवशी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे जुनी माणसे म्हणतात. ऋतू उलटतानाचे हे आंबटगोड फळ त्या दिवसाला शोभते.

अभिषेकाबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. दूध वाया जाते हा आक्षेप दरवर्षी घेतला जातो आणि दरवर्षी त्यावर भांडण होते. घरातली वाटीभर दुधाची पूजा आणि मोठ्या क्षेत्रात हजारो पिशव्यांतले दूध या एका मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत. शिवाय दगडालाही सोसण्याची मर्यादा असते. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या लिंगाची झीज होत असल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०२० च्या निकालात भाविकांनी लिंग घासू नये, मंदिराने शुद्ध दूध पुरवावे, असे निर्देश द्यावे लागले. मोजके आणि निर्भेळ वाहण्यात भक्तीला उणेपणा येत नाही. आपल्या जुन्या पूजेत पळी होती, बादली नव्हती.

आता उपवास. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण शिवरात्रीलाही लागू केली आहे. आपल्या फराळाचे ताट नीट पाहिले तर त्याचा मोठा भाग शास्त्रकारांना ठाऊकच नव्हता. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची हे सगळे अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळानंतर इथे आलेले. साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कसावाही तिथलाच; आज आपल्या खिचडीतला बराचसा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात तयार होतो. हेमाद्रीने यांतले काही पाहिले नव्हते. निषेध धान्याचा होता, कंद आणि फळे चालत होती. नवे पदार्थ धान्य नव्हेत म्हणून सहज आत आले. यात पाप काही नाही. परंपरा अशीच नवे पचवत जाते. मात्र तुपात परतलेली खिचडी, तळलेले वडे आणि बटाट्याचा कीस खाऊन रात्री डोळे उघडे राहत नाहीत, हेही तितकेच खरे. उपवास हलका असावा तो जागता यावे म्हणून. जड फराळाने पहिल्या अंगानेच तिसऱ्याचा घात होतो. भगरीबद्दलही सावध राहावे. जुन्या, ओल लागलेल्या भगरीवर किंवा तिच्या पिठावर बुरशी धरते आणि उपवासाच्या दिवसांत विषबाधेच्या बातम्या येतात. सुटे पीठ न घेता भगर निवडून, धुऊन घरी दळावी. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, म्हाताऱ्यांनी निर्जळी करू नये. अशक्तांना फळे-दूध घेऊन व्रत करण्याची मुभा परंपरेने दिलेली आहे.

उपवास हाच व्रताचा गाभा नव्हे, हे काश्मीर सर्वांत ठळकपणे दाखवते. काश्मिरी पंडितांचा हेरथ हा शिवरात्रीचाच सण, त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा, पण मुख्य पूजा त्रयोदशीच्या रात्रीची. वटुक म्हणजे भैरवरूपातल्या शिवाची आणि त्याच्या गणांची कलशांत स्थापना होते, कलशांत अक्रोड भिजत घालतात आणि नंतर ते प्रसाद म्हणून आप्तेष्टांत वाटतात. कित्येक घरांत नैवेद्याला मासे आणि मटण असते, काही घराणी शाकाहारी नैवेद्य करतात. आपल्या कल्पनेतल्या शिवरात्रीशी हे मुळीच जुळत नाही, तरी ही रात्रीचीच पूजा आहे. १९९० नंतर खोरे सोडावे लागलेल्या या कुटुंबांनी जम्मूत, दिल्लीत, पुण्यात भाड्याच्या घरांतून हे कलश मांडले. या व्रताचा आढावा घेताना एवढी एक गोष्ट मला सर्वांत जड वाटते.

बाकी देशातल्या चालींत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : मध्यरात्र. श्रीशैलला निशीथाच्या सुमारास मल्लिकार्जुनाच्या शिखराला आणि भोवतालच्या नंदींना लांबच लांब वस्त्र गुंडाळून पागोटे बांधतात. जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी भवनाथच्या जत्रेत साधूंची मिरवणूक रात्री निघते आणि मृगी कुंडातल्या स्नानाने संपते. कन्याकुमारी जिल्ह्यात भाविक एका दिवस-रात्रीत बारा शिवालये पायी धावत गाठतात, आणि धावताना घोष करतात तो गोविंद-गोपाळाचा. शिवाच्या दारी विष्णूचे नाव घेत जायचे, हे पंढरीच्या विठ्ठलाच्या मस्तकी शिवलिंग मानणाऱ्या मराठी माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रात पाच ज्योतिर्लिंगे मानली जातात : त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ. परळी की देवघर, औंढा की द्वारकेजवळचे नागेश्वर, असे वाद आहेत. त्यांत शिरण्यात मला अर्थ वाटत नाही. खरी शिवरात्र पाहायची तर थोडे आडवाटेला जावे. देवगडजवळच्या कुणकेश्वराला आसपासच्या गावांच्या देवस्वाऱ्या येतात आणि यात्रेच्या शेवटी समुद्रात तीर्थस्नान करतात. देव देवाला भेटायला येतो, माणसे त्याच्याबरोबर चालतात. गडचिरोलीत मार्कंडा येथे उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठी मोठी यात्रा भरते. गोव्यात हरवळ्याचा रुद्रेश्वर आणि तांबडी सुर्ला येथे जंगलात उभे असलेले कदंबकालीन महादेव मंदिर या दिवशी गजबजते. आणि विदर्भातला माणूस ‘महादेवाला जातो’ म्हणतो तेव्हा तो सातपुड्यात पचमढीजवळच्या चौरागडावर निघालेला असतो. नवसाचे त्रिशूळ, कधी दोन माणसांनी उचलावे असे, खांद्यावर घेऊन हजाराहून अधिक पायऱ्या चढायच्या, वाटेत रात्ररात्र महादेवाची गाणी म्हणायची. पोथीतला जागर शहरात ओसरला असला तरी या वाटेवर तो पूर्ण जिवंत आहे, आणि तो टिकवला आहे शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी.

जागण्याने काय होऊ शकते याचा एक दाखला इतिहासातही आहे. सौराष्ट्रातल्या टंकारा गावी एका शिवभक्ताच्या घरी चौदा वर्षांचा मुलगा शिवरात्रीला देवळात जागत बसला. वडीलधारे एकेक करून झोपी गेले. त्याने पाहिले, की उंदीर पिंडीवर चढून नैवेद्य खात आहेत. जो स्वतःवरचे उंदीर हाकलू शकत नाही तो जगाचा स्वामी कसा, असा प्रश्न त्याला पडला आणि त्याची मूर्तिपूजेवरची श्रद्धा तिथेच संपली. हा मुलगा म्हणजे स्वामी दयानंद. १८७५ मध्ये त्यांनी मुंबईत आर्य समाज स्थापला, त्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात व्याख्याने दिली आणि त्यांत आपले हे पूर्वचरित्रही सांगितले. आर्यसमाजी आजही शिवरात्र बोधरात्र म्हणून पाळतात. मी स्वतः पूजेच्या बाजूचा आहे. तरी मला या मुलाची शिवरात्र खरी वाटते. तो जागा राहिला होता.

शास्त्राने या व्रताचा अधिकार चांडाळापर्यंत सर्वांना, स्त्रियांनाही, दिला आहे. कथेचा नायकच किरात आहे. आणि तरीही १९२९ साली पुण्यात पर्वतीच्या देवदेवेश्वराच्या दर्शनासाठी अस्पृश्य बांधवांना सत्याग्रह करावा लागला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, एस. एम. जोशी यांनी त्यात भाग घेतला आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. ज्या देवाने पारध्याला विमान पाठवले म्हणून आपण पोथी वाचतो, त्याच देवाच्या पायऱ्यांवर हे घडले. स्त्रियांनाही देवस्थानात प्रवेशाचा समान हक्क आहे हे मुंबई उच्च न्यायालयाला २०१६ साली सांगावे लागले. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात स्त्रिया गेल्या त्या त्यानंतर. दुसरा अध्याय मनापासून वाचणाऱ्या समाजाला इतका वेळ लागायला नको होता.

अलीकडे जागर नव्या रूपात परत येतो आहे. चिदंबरमला १९८१ पासून शिवरात्रीच्या रात्री नाट्यांजली नृत्योत्सव सुरू होतो. नटराजाच्या अंगणात रात्रभर नाचणे, यापेक्षा उचित जागर सुचणे अवघड. मोठ्या आश्रमांचे रात्रभराचे सोहळे थेट प्रक्षेपणाने घरोघर पोचतात. त्यांत तरुण जागतात, हे चांगलेच आहे. पण या रात्री ग्रहस्थितीमुळे शरीरातली ऊर्जा आपोआप वर चढते, असे जे विज्ञान म्हणून सांगितले जाते, त्याला पुरावा नाही. व्रताला असल्या टेकूची गरजही नाही. कानठळ्या बसवणाऱ्या कर्ण्यांचीही नाही. बारावीच्या परीक्षा नेमक्या याच सुमारास असतात.

गावातले किंवा पेठेतले छोटे देऊळ यात पुष्कळ करू शकते. चार प्रहरांची पूजा चार आळ्यांनी किंवा चार घरांनी वाटून घ्यावी, एक प्रहर बायकांकडे पूर्ण सोपवावा, एक शाळकरी मुलांकडे. ज्यांना रात्रभर झेपत नाही त्यांनी निदान निशीथापर्यंत बसावे. ती वेळ पंचांगात मिनिटांसह छापलेली असते. रात्री जागराला आलेल्यांना घरी सोडायला कोणीतरी बरोबर असावे. पारण्याचा नियम ‘धर्मसिंधु’त आहेच : चतुर्दशी रात्रीच्या तीन प्रहरांच्या आत संपत असेल तर ती संपल्यावर, पुढे रेंगाळत असेल तर सकाळी चतुर्दशीतच उपवास सोडावा. दोन्ही वेळी पारणे होते ते दुसऱ्या दिवशीच, रात्र पार पडल्यावर.